उचकी

दि. ९ जानेवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तू मागत नाहीस, पण थोरलीकडे ते पडूनच असतात, म्हणून पहिल्याच ओळीत देऊन टाकते. इकडे सगळं ठीक. बाबा ठीक, मी ठीक, नळाचं पाणीसुद्धा वेळेवर. तू कसा आहेस ते मात्र तू लिहिलंच नाहीस. आई गेल्यापासून तीन वर्षांत तुझं हे पहिलं लांब पत्र. चार पानं. आणि चारही पानं कशावर, तर 'हिकप' ह्या एका इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावर! पोस्टमनसमोर हसले मी. त्याला वाटलं काहीतरी आनंदाची बातमी आहे.

मी हे दुकानात बसून लिहिते आहे. जेवणाची सुट्टी आहे, मालक घरी गेलेत, काचा घासायचं मशीन बंद आहे. घरून फोन करायचा तर आपलं घर एवढंसं. स्वयंपाकघरात बोललेलं बाहेरच्या खोलीत बाबांना जसंच्या तसं ऐकू जातं. आणि तू फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्यापुढे जात नाहीस. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तू बोलतोस तरी, भले शब्दांबद्दल का होईना.

वाचलं सगळं नीट. मजा वाटली. म्हणजे इंग्रजांना हा शब्द कुणी बसून तयार करून दिला नाही, घशातून जो आवाज निघतो त्यालाच त्यांनी नाव केलं. आधी 'हिकेट' म्हणायचे, मग 'हिकॉप', मग 'हिकप'. त्याच्याही आधी म्हणे त्यांना वाटायचं की उचकी ही बुटक्या अदृश्य भुतांची खोडी आहे, आणि शब्दातच त्या भुतांचं नाव होतं. मग कुणा शहाण्यानं ठरवलं की हा खोकल्याचाच प्रकार, आणि शब्दाच्या शेपटाला खोकला चिकटवून दिला. खोकल्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसताना! आपल्याकडे संस्कृतात 'हिक्का' आहे आणि तोही तसाच घशातून आलेला, कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही, हे वाचून तर मी मशीनशी एकटीच 'हिक् हिक्' करून बघितलं. आपल्या 'उचकी'तही तो आवाज आहे असं मला वाटतं. तू हसशील, पण म्हणून बघ.

तर आता तुझा प्रश्न. पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर चाललंय, त्यात 'हिकप' म्हणजे उचकी नव्हे तर किरकोळ अडथळा, पंप मध्येच अडखळतो आणि पुन्हा चालू होतो तो प्रकार, त्याला मराठीत काय म्हणायचं, असं तू मला विचारलं आहेस. मला. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या बाईला. जन्मभर पंप दुरुस्त केलेला माणूस ह्याच घरात राहतो हे तू विसरला असशील असं मला वाटत नाही. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायची तुझी लहानपणापासूनची सवय आहे.

ठेवली. विचारलं मी.

बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, "बाबा, पंप मध्येच अडखळतो, बंद पडत नाही पण धक्के देत चालतो, त्याला तुमच्यात काय म्हणायचे?"

"कोण विचारतंय?"

"दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं."

त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांग, आम्ही म्हणायचो पंप उचक्या देतोय. आणि उचक्या देणाऱ्या पंपाला हात लावायचा नाही. पंपाचा दोष नसतो. खेचणाऱ्या पाइपात कुठून तरी हवा शिरत असते. ती जागा शोधायची. नवीन पोरं येतात आणि आधी पंपच खोलतात."

हे सांगताना त्यांना स्वतःलाच तीन-चार उचक्या आल्या. हसले. पाणी दिलं. हल्ली अधूनमधून येतात, जेवणही थोडं कमी झालंय, वयाचं असेल.

म्हणजे बघ, तुझ्या माहितीपुस्तकातला शब्द तुझ्याच घरात होता. लिही आता बिनधास्त.

दुसरं काही नाही. तुला माहीतच आहे, तरी लिहिते: त्या दिवशी दारात, आईला नेऊन परत आलेल्या सगळ्या माणसांसमोर तू म्हणालास, "तुमच्या हट्टापायी गेली ती," आणि बॅग उचललीस. तेव्हापासून बाबांनी तुझं नाव घेतलेलं नाही. 'तुझा भाऊ' असंसुद्धा म्हणत नाहीत. फार झालं तर 'तिकडे' म्हणतात. "तिकडे थंडी पडली असेल." "तिकडचे रस्ते चांगले आहेत म्हणे." तू तिकडे झाला आहेस. मी तुला दोष देत नाही. आईला दवाखान्यात न्यायला ते तयार नव्हते; त्यांना तिच्या दुखण्याचं गांभीर्य कळलं नाही आणि तुला त्यांच्या भीतीचं. मी दोघांच्या मध्ये उभी होते.

मशीन चालू करायची वेळ झाली. जेवत जा.

तुझी
ताई


दि. २७ जानेवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. 'गिऱ्हाईक खूश झालं' एवढ्या एका ओळीचं पत्र पाठवायला तिकीट लावलंस, धन्य आहे. मी ती ओळ बाबांना तश्शी वाचून दाखवली. म्हणाले, "हवा कुठून शिरत होती ते सापडलं का त्याला?" मी म्हटलं, विचारते. तर विचारते आहे.

ह्या पत्रात सगळी उचक्यांचीच बातमी आहे, तुझ्या शब्दानं घरात पाय ठेवला म्हण. बाबांच्या उचक्या आता थांबतच नाहीत. सकाळी उठल्यापासून सुरू. बोलताना, खाताना, दाढी करताना. दाढी करताना कापून घेतलं, तर मी करून दिली. वरच्या काकू रोज नवा उपाय घेऊन उतरतात. चमचाभर साखर झाली, श्वास कोंडून झाला, वाकून उलट्या बाजूनं पाणी पिऊन झालं, त्यात अर्धा ग्लास शर्टावर. काल त्या दारामागे लपल्या आणि बाबा आल्यावर "भॉ!" केलं. बाबा दचकले नाहीत. मागून येणारी मी दचकले, आणि मला उचकी लागली! मग बाबा इतके हसले की बऱ्याच दिवसांत तसे हसले नव्हते. हसतानाही उचकी येत होतीच.

शेवटी आईचा उपाय काढला. तुला आठवत असेल. उचकी लागली की ती ग्लास घेऊन समोर उभी राहायची आणि म्हणायची, "कोण आठवण काढतंय? घे नावं." आपण एकेक नाव घ्यायचो. बरोबर नावाला उचकी थांबायची. तुझी नेहमी शाळेच्या शिपायाच्या नावाला थांबायची, आणि आपण कितीदा भांडलो की त्याला काय काम नाही का तुझी आठवण काढायला. आईचा आणखी एक नियम होता: गेलेल्या माणसांची नावं घ्यायची नाहीत. ते आठवण काढत असतात, पण त्यांनी काढलेल्या आठवणीनं उचकी लागत नाही. हा नियम तिनं कुठून आणला देव जाणे.

बाबांनी मनावर घेतलं. संध्याकाळचा चहा झाला की खुर्चीत बसतात आणि नावं घेतात. घरमालक. मामा. दोन्ही आत्या. वर्कशॉपमधला जुना जोडीदार. ज्याचा पंप कधीच नीट झाला नाही तो बागवाला. त्याच्या नावाला जरा जास्त वेळ थांबली, आम्हाला वाटलं सापडला, मग पुन्हा उच्क! "अजून शिव्या देत असेल तो," बाबा म्हणाले. रोज नवीन माणसं आठवतात त्यांना. ज्यांना मी कधी बघितलंही नाही अशा माणसांची पूर्ण नावं, कुठली कुठली गिऱ्हाइकं. सगळ्यांची नावं घेऊन झाली.

एक नाव सोडून. ते नाव जवळ आलं की ते पाणी मागतात.

मला आत स्वयंपाकघरात ऐकू येतं ना सगळं. आत्या झाल्या, आत्याची मुलं झाली, आता पुढे घरचंच माणूस उरलं, आणि "ताई, पाणी आण गं." हा माणूस बागवाल्यापर्यंत जाऊन येतो, पण स्वतःच्या मुलापर्यंत येत नाही. राग येतो रे मला. तुमच्या दोघांचाही. तू पंपाचं नाव काढून बाबांना विचारतोस, बाबा गिऱ्हाइकाचं नाव काढून तुला सांगतात, आणि मी मधे पोस्टमन.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं आहे. त्या म्हणाल्या, छाती आणि पोटाच्या मधे पडदा असतो, त्याला काहीतरी डिवचत असेल. पोटाचा फोटो काढायला सांगितला आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. बाकी दुकानात ठीक. मालकांनी नवीन मशीन घेतलंय, काच आपोआप कापतं, पण कडा अजून मलाच घासाव्या लागतात.

तुझ्या त्या पुस्तकात पंपाच्या उचकीला शेवटी काय लिहिलंस ते कळव. बाबांनी विचारलं नाहीये. मीच विचारते आहे. बरं, बाबांनीच विचारलंय.

तुझी
ताई


दि. १६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. फोटोत काय निघालं हे तू पहिल्याच ओळीत विचारलंस आणि त्यापुढे शब्दांबद्दल एक अक्षर नाही, यावरूनच मला कळलं की तुला अंदाज आलाय.

मागचं पत्र पेटीत टाकायच्या आधीच फोटो काढून झाला होता. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून सांगितलंही होतं. मी तुला बागवाल्याच्या गमती लिहिल्या, कारण ते लिहायला हात उचलवत नव्हता. आता लिहिते. बाबांच्या पोटात गाठ आहे. यकृतावर. वाढून पडद्याला खालून टेकली आहे, म्हणून उचकी. काढता येण्यासारखी राहिलेली नाही. औषधानं उचकी थोडी कमी होईल, दुखणं कमी ठेवता येईल. त्यापलीकडे काही नाही. "त्यांना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा," असं त्या म्हणाल्या. मी ठरवलं, नाही सांगायचं. नंतर बघू.

पण मग बुधवार आला. दुकान बंद होतं, दुपारची वेळ, बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. बाबा खुर्चीत. नावं सुरू झाली. मामा, आत्या, सगळे झाले. मी सवयीनं ग्लास भरून ठेवला आणि "पाणी आण" ची वाट बघत ओट्याशी उभी राहिले. पाणी मागितलं नाही त्यांनी. त्यांनी तुझं नाव घेतलं.

पूर्ण नाव घेतलं. शाळेच्या दाखल्यावर आहे ते, स्वतःचं नाव मधे घालून. आणि श्वास धरून बसले. मी दारात आले होते, मीही श्वास धरला. इतक्या दिवसांत त्या खोलीत असं शांत झालं नव्हतं. मला खरंच वाटलं, बारक्या, थांबली. शिकलेली बाई मी, गाठ कुठे आहे ते मला माहीत होतं, तरी वाटलं.

मग उचकी आली.

"नाही काढत," बाबा म्हणाले. एवढंच. जरा वेळानं खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. का काढावी?"

त्यानंतर त्यांनी नावं घेणं सोडलं. जेवणही सोडल्यातच जमा. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "झाली सगळी नावं." दोन दिवस मी हे बघत होते, आणि माझी काय अवस्था झाली असेल बघ. उचकी आठवणीची नाही हे मला माहीत. पण ते त्यांना पटवायचं तर ती कशाची आहे ते सांगावं लागणार. नाही सांगितलं, तर हा माणूस पोटच्या पोरानं आपल्याला मनातून काढलंय असं समजून जाणार. सांगितलं, तर... मला दोन्हीतलं कुठलंच करायचं नव्हतं. तू इथे असतास तर तुझ्यावर ढकललं असतं.

शुक्रवारी सांगितलं. त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, उचकी कुणाच्या आठवणीची नाहीये. पोटात गाठ आहे."

"नीट सांग," ते म्हणाले. "पंपाचं सांगतात तसं सांग."

सांगितलं. कुठे आहे, कशाला टेकते, उचकी कशी येते. ते मान हलवत ऐकत होते, एखाद्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं.

"काढता येते?"

"नाही."

"बरं."

मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "म्हणजे परवा मी नाव घेतलं तेव्हा थांबली नाही, ती ह्या गाठीमुळे?"

"हो बाबा."

"नक्की?"

"नक्की. हवं तर डॉक्टरीणबाईंना विचारा."

आणि विचारलं रे त्यांनी! काल तपासायला नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला काय विचारायचं असेल ते विचारा. माणसं विचारतात किती दिवस, दुखेल का. ह्यांनी विचारलं, "कुणी आठवण काढत असेल आणि आपण त्याचं नाव घेतलं, तरी ही उचकी थांबायची नाही, असंच ना?" त्या बावरल्या, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "काका, आठवणीचा आणि ह्या उचकीचा काहीच संबंध नाही. कितीही जणांनी काढली तरी थांबणार नाही."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले.

बारक्या, मी त्यांचा चेहरा बघत होते. ज्या माणसाला नुकतंच सांगितलंय की आता काही उरलं नाही, त्याचा चेहरा नव्हता तो. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं सैल झालेलं बघितलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर, दोन उचक्यांच्या मधे, म्हणाले, "म्हणजे काढतही असेल तो." मी म्हटलं, "काढतोच. पंपाच्या नावाखाली चार पानं लिहितो." म्हणाले, "माहितेय मला. त्या गिऱ्हाइकाला मी पहिल्या दिवशीच ओळखलं. खेचणाऱ्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह म्हणजे काय हे माहीत असलेलं गिऱ्हाईक पंपाचा शब्द चष्म्याच्या दुकानात कशाला विचारेल?"

फूटव्हॉल्व्हचं मी त्यांना बोललेच नव्हते, तुझ्या पत्रात होतं ते, आणि पत्र माझ्या पर्समध्ये. तेव्हा माझी पर्स कुणी उघडली हे विचारायला गेले नाही.

आज सकाळपासून ते तुझं नाव घेताहेत. उचकी थांबायला नव्हे. नुसतंच. "त्याला चहात साखर किती लागायची गं?" "त्याची गादी उन्हात टाकलीस का?" इतकी वर्षं साठवून ठेवलं होतं, आता सुटलंय. काकू म्हणाल्या, उचकीपेक्षा नावच जास्त वेळा येतंय.

तुझ्या भाषांतराचं मी काही सांगू नये, पण सांगते. 'हिकप' म्हणजे किरकोळ अडथळा असं त्या इंग्रजी पुस्तकात असेल. पंपाला तू खुशाल तसं लिही. पण दुसरीकडे कुठे माणसाच्या बाबतीत हा शब्द आला, तर तिथे 'किरकोळ' लिहू नकोस. आमच्याकडची किरकोळ नाही.

तू त्या दिवशी जे बोललास त्याबद्दल इथे येऊन काही बोलायला हवं असं समजू नकोस. त्यांना ते नको आहे, मला विचारशील तर तुलाही झेपणार नाही. नुसता ये. दारात जिथे बॅग उचललीस तिथेच ठेव, म्हणजे झालं. डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं त्याचा हिशोब मी इथे लिहीत नाही, पण 'पुढच्या महिन्यात बघतो' असं मला लिहू नकोस. हे पत्र मिळालं की निघ.

बाबांचा एक निरोप आहे. मी लिहिते आहे हे बघून त्यांनी स्वतः सांगितला, आणि जसाच्या तसा लिही म्हणाले: "गिऱ्हाइकाला कळव, हवा कुठून शिरते ते पत्रातून नाही सांगता येत. पंप लांबून दुरुस्त होत नसतो. येऊन बघावं लागतं."

गादी उन्हात टाकली आहे.

वाट बघणारे दोघं,

ताई

आणि खाली बाबांची सही आहे, त्यांनीच केली आहे. मधे रेघ एकदम वर उडाली आहे ना, तिथे उचकी आली. मी म्हटलं, दुसऱ्या कागदावर करा. म्हणाले, "राहू दे. त्याला कळेल."